चांदबीबीच्या हातात तलवार किती वेळ द्यायची? सोलापूरच्या एका शाळेतलं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेचं, तिथे चांदबीबीवर बसवलेल्या नाटकाचं आहे. शाळेचं नाव, माणसांची नावं सांगत नाही, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदललेत. मी त्या शाळेत शिकवत नाही, पण तिथल्या इतिहासाच्या मॅडम ओळखीच्या, त्यांनी स्क्रिप्टसाठी बोलावलं म्हणून शेवटपर्यंत त्यात होते. गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवणाऱ्या, आणि त्यातही धर्म-पंथाचा विषय आला की हात आखडणाऱ्या मास्तर-मॅडम लोकांसाठी हे लिहायलेय.

पार्श्वभूमी

नववीचा वर्ग, बहुतेक सगळ्या मुली. घरी कुणाकडे मराठी, कुणाकडे कन्नड, पूर्व भागातल्या मुलींकडे तेलुगू, काहींकडे उर्दू, म्हणजे सोलापूरचा नेहमीचा वर्ग. दरवर्षी तीच तीन-चार नाटकं फिरून फिरून येतात म्हणून मॅडमनी ठरवलं की यंदा आपल्याच किल्ल्याशी संबंधित काहीतरी करू. सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट किल्ला रोज बसमधून दिसतो, पण तिथे नेमकं काय झालं विचारलं तर मुली म्हणतात बाग आहे, फोटो छान येतात.

तर झालं असं की हा किल्ला दोन लग्नांत हुंडा म्हणून ठरलाय, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेने. बहमनी राज्य फुटल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या बरोब्बर मध्ये सोलापूर अडकलं. १५२४ च्या सुमाराला विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं, तेही इथे सोलापुरातच, आणि बोलणी करणाऱ्यांनी सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर द्यायचं कबूल केलं. लग्न झालं, पाहुणे गेले, किल्ला काही दिला नाही. विजापूरवाले म्हणाले असं आमचं काही ठरलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी दोघांची लढाई. मरियमचं काय झालं तर तिला तिकडे नीट वागवत नाहीत अशी तक्रार माहेरी पोचली एवढंच इतिहासात आहे, किल्ल्यावर मात्र पानंच्या पानं.

मग मधल्या काळात नगरवाल्यांनी किल्ला लढून घेतला, आणि जवळपास चाळीस वर्षांनी नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तोच किल्ला तिच्याबरोबर परत विजापूरला गेला. बदल्यात अलीची बहीण नगरच्या राजपुत्राला. हे सगळं विजयनगरविरुद्ध एकत्र येण्यासाठी, म्हणजे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईच्या आधीची मोर्चेबांधणी. चांदबीबीचा जन्म १५५० च्या आसपासचा धरतात, म्हणजे लग्नात तेरा-चौदा वर्षांची. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक पोरगी पटकन म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमच्याच वर्गातली की!" नाटक तिथेच पक्कं झालं म्हणायला हरकत नाही.

आता धर्माचं बघा. नगरच्या बुऱ्हाणने १५३७ च्या सुमाराला शिया पंथ घेतला. विजापुरात तर गादीवर माणूस बदलला की पंथ बदलायचा. इस्माईल शिया, त्याने सैनिकांना बारा टोकांची लाल टोपी घालायला लावली, त्यानंतरचा इब्राहिम सुन्नी, त्याने आल्या आल्या ती टोपी बंद केली, मग १५५८ ला अली आला तो परत शिया, आणि अलीनंतर काही वर्षांनी कारभाऱ्याने परत सुन्नी. दरबारात दखनी म्हणजे इथलेच, हबशी म्हणजे मूळ आफ्रिकेतले, आणि इराण-तुराणहून आलेले परदेशी अमीर असे गट, त्यांचं एकमेकांशी पटत नाही. या सगळ्यात पोरी इकडून तिकडे नांदायला जायलेत. आपल्याकडे 'मध्ययुगीन दख्खन' म्हटलं की डोक्यात एकच भांडण येतं, हिंदू-मुसलमान. इथे तर लग्न ठरवणारे, मोडणारे, लढणारे बहुतेक एकाच धर्माचे, आणि दोन्हीकडे मराठे सरदार नोकरीला.

अडचण कुठे आली

पहिली अडचण आली ती 'निजाम' या नावावरून, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. संस्थेतले एक ज्येष्ठ सर तालमीला येऊन बसले, पाच मिनिटं ऐकलं आणि मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "निजामाचं कौतुक आपल्या शाळेत? आमची आजी रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून सोलापूरला आलीय ओ." आता यात त्यांचं काय चुकलं? सोलापूरला लागूनच हैदराबाद संस्थान होतं, ४७-४८ मध्ये तिकडून कितीतरी घरं इथे येऊन राहिली, त्या घरांत निजाम म्हणजे एकच निजाम. पण नगरची निजामशाही १६३६ ला संपली, आणि हैदराबादच्या निजामाचं घराणं १७२४ पासूनचं. मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं आणि घराणं पूर्ण वेगळं.

दुसरी, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला की आपल्या राण्या संपल्या का, जिजाऊ आहेत, अहिल्याबाई आहेत, हेच कशाला. त्याला अंगठे पण बरेच पडले.

तिसरी तक्रार दुसऱ्या बाजूने. एका मुलीचे वडील, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, शांत माणूस, मॅडमना फोन करून म्हणाले की शिया-सुन्नी हा विषय शाळेत कशाला काढायलेत, आमच्या मोहल्ल्यात असलं काही नाही, मोहरमला सगळे येतात, हिंदू पण येतात, पोरं उद्या एकमेकांना विचारतील तू कोण. आणि शेवटी चांदबीबीला तिचेच लोक मारतात ते दाखवणार, म्हणजे बघणारे काय म्हणतील, हे लोक असेच. मला तरी हा आक्षेप सगळ्यात वजनदार वाटला.

आणि चौथी अडचण आमच्यातलीच. सगळ्यांना तलवार पाहिजे होती. चांदबीबी म्हटलं की बुरख्यातली, हातात तलवार घेऊन तटाच्या भगदाडात उभी, तोफेचे गोळे संपले तर सोन्याचांदीचे गोळे डागले वगैरे. गोळ्यांची गोष्ट दंतकथा म्हणून ठीक. नगरला ज्याला चांदबीबी महाल म्हणतात ती इमारत पण तिची नाही, सलाबतखान नावाच्या वजिराची कबर आहे, पण सहली अजून चांदबीबीच्याच नावाने जातात.

काय काय पर्याय होते

रद्द करणं हा पहिलाच पर्याय, आणि मुख्याध्यापकांना तोच सोपा वाटत होता, त्यांना दोष देत नाही, गॅदरिंगच्या तोंडावर कटकट कुणाला पाहिजे. पण पोरींचे संवाद पाठ होत आले होते.

इंग्रजीच्या सरांनी मधला मार्ग काढला, इंग्लंडची राणी करा, कुणाला काही लागणार नाही. त्यांनी लेडी जेन ग्रेची गोष्ट सांगितली आणि खरं सांगायचं तर पोरी भारावून गेल्या. १५५३ चा जुलै, सोळा-सतरा वर्षांची पोरगी, प्रोटेस्टंट राजा मेला आणि पुढची वारस कॅथलिक म्हणून सासऱ्याने, मोठ्या लोकांनी हिला गादीवर बसवलं, नऊ दिवसांत उतरवलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत डोकं उडवलं. त्याच बेटावर स्कॉटलंडची मेरी, सहा दिवसांची असताना राणी झाली, पाच वर्षांची असताना फ्रान्सला पाठवली कारण तिचं लग्न कुणाशी लावायचं यावर दोन देश लढायले होते. हे सगळं आपल्या गोष्टीला इतकं जुळतं की हसू येतं. १५५८ ला विजापुरात अली गादीवर येऊन राज्याचा पंथ फिरवतो, त्याच वर्षी लंडनमध्ये एलिझाबेथ येते आणि ती पण बहिणीचा कॅथलिक कारभार फिरवते. पण लांबच्या राणीचं नाटक केलं की सगळे टाळ्या वाजवून घरी जाणार, किल्ल्यावरून बस जाईल तेव्हा कुणी मान वळवणार नाही. म्हणून तो पर्याय सोडला. पूर्ण नाही सोडला, ते खाली येईल.

तिसरा पर्याय नुसती वीरांगना. मुघल आले, राणी लढली, पडदा. पंथ नाही, हुंडा नाही, खून नाही. याला सगळे तयार झाले असते, संस्थेचे सर पण. खूप वेळ चर्चा याच्यावरच झाली.

आणि चौथा, नाटक ठेवायचं पण एकेक आक्षेप घेऊन बसायचं, कुठला भीतीचा आहे आणि कुठल्यात तथ्य आहे ते बघायचं.

निर्णय कुठे फिरला

वीरांगनावाला पर्याय जवळपास ठरलाच होता. तो फिरवला चांदबीबीचं काम करणाऱ्या मुलीने. मुघलांनी नगरच्या किल्ल्याला घातलेला १५९५-९६ चा वेढा वाचताना तिने विचारलं की तलवार घेऊन उभी राहिली, भिंत रातोरात बांधून काढली, पण मग मुघल परत का गेले? उत्तर असं की तिने तह केला, वऱ्हाड प्रांत देऊन टाकला आणि नगर वाचवलं. मग चार वर्षांनी १६०० ला मुघल राजपुत्र दानियाल मोठी फौज घेऊन आला, किल्ल्यात माणसं फुटलेली, पैसा नाही, तेव्हा परत ती म्हणाली किल्ला देऊ, नगरच्या लहान सुलतानाला घेऊन सुखरूप जुन्नरला जाऊ. यावेळी तिच्याच दरबारातल्या एकाने ओरडून उठवलं की राणी फितूर झाली, जमाव आत शिरला आणि तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला आणि तो लहान सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

पोरगी म्हणाली, "म्हणजे तिनं दोन्ही वेळा तेच केलं की. एकदा शहाणी, एकदा गद्दार?"

यानंतर नुसती तलवार ठेवणं आम्हाला जमलं नसतं. ही बाई आयुष्यभर वाटाघाटीच करत होती. अलीचा १५८० ला खून झाला, मागे नऊ वर्षांचा पुतण्या, ती कारभार बघायला बसली, एक कारभारी डोक्यावर बसला त्याला दुसऱ्याच्या मदतीने काढलं, त्या दुसऱ्याने हिलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून टाकलं, मग हबशी सरदारांनी त्याला हाकलल्यावर सुटली. १५८४ ला पुतणी खदीजा नगरला द्यायची ठरली तेव्हा ही तिच्याबरोबर माहेरी परत गेली. स्वतः तेरा-चौदाची असताना ज्या रस्त्याने सासरी आली त्याच बाजूने आता दुसऱ्या पोरीला पोचवायला. नाटकात हा प्रवेश मध्ये घालायचा ठरला आणि तलवार शेवटाकडे, थोडा वेळ.

काय काय केलं

संस्थेच्या सरांकडे मॅडम एकट्या गेल्या. वाद घातला नाही. एका कागदावर दोन ओळी, नगरची निजामशाही कधी संपली, हैदराबादचं घराणं कधी सुरू झालं, आणि खाली एवढंच की शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे याच नगरच्या निजामशाहीचे सरदार होते. सर बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले निवेदनात हे आधी सांगा, नाहीतर माझ्यासारखे अजून दहाजण उठतील. ते बरोबरच होतं, नाटकाची सुरुवात तशीच केली. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला उत्तर दिलं नाही, त्या पालकांना तालमीलाच बोलावलं. दोघं आले, चहा घेतला, एक जण शेवटी तंबूची दोरी बांधायला थांबला.

सुपरवायझर भाऊंसाठी स्क्रिप्टचं वाचन ठेवलं, वर्गात, बाकावर बसून. तिथे ठरलं की स्टेजवर नमाज, खुतबा (मशिदीतलं प्रवचन), दुआ काहीही करून दाखवायचं नाही, कुठल्याही पंथाला बरोबर-चूक म्हणायचं नाही, निवेदक फक्त सांगणार की दरबाराने अमुक पंथ मानला. खुनाच्या प्रवेशात जमाव दाखवायचा नाही, फक्त आवाज, आणि "फितूर" हे ओरडणारा माणूस एकच, त्याच्या अंगावर कुठलीही खूण नाही. भाऊ म्हणाले, "हे चालेल. अफवा पसरवणारा कुठल्याही गल्लीत असतो."

आता टोप्या. बारा टोकांची लाल टोपी आम्हाला फार आवडली होती, गादी बदलली की शिपायांनी टोपी काढायची, परत घालायची, न बोलता सगळं कळतं. भाऊंनीच कारखान्यातून लाल टॉवेलचं कापड आणून दिलं. मुलींनी टोकं शिवली, आत पुठ्ठा घातला. पहिल्या रंगीत तालमीला ती टोकं लुळी पडून कानावर आली आणि सगळा वर्ग हसून लोळायला लागला. बघताना मजा आली पण मॅडम गंभीर झाल्या. कारण हसणार ते टोपीला, आणि तिचा अर्थ पंथाला हसले असा निघणार. काढूनच टाकू म्हणाल्या. मी म्हटलं कल्पना चांगलीय, डोक्यावर नको, स्टुलावर ठेवू. मग एकच टोपी, नीट कडक शिवलेली, सिंहासनाशेजारच्या स्टुलावर, राजा बदलला की एक दासी येऊन ती उचलून नेते, पुढच्या वेळी आणून ठेवते. तीच दासी मरियमला, चांदला, खदीजाला ओढणी पण घालते. हे मुलींनी स्वतः जोडलं, आम्ही नाही.

भाषेचं पण एक झालं. आधी सगळ्यांना पुस्तकी उर्दू-मराठीत बोलायला लावलं होतं, "मला आज्ञा व्हावी" टाइप. एका मुलीची दादी तालमीला यायची, ती म्हणाली असं कोण बोलतं गं, आपल्या घरात "मेरेकू नक्को" म्हणतात. मग माहेर-सासरच्या बायकांच्या तोंडी थोडी दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली, घातली, दादीने बसून दुरुस्त करून दिली. सोळाव्या शतकात नेमकं असंच बोलायचे असा दावा नाही, पण पोरींचा आवाज मोकळा झाला. पूर्व भागातली जी मुलगी मरियम झाली ती घरी तेलुगू बोलते, तिच्या तोंडी हे "नक्को" इतकं सहज बसलं की बास.

इंग्लंडच्या राण्या भिंतीवर गेल्या. हॉलबाहेर एक मोठा तक्ता लावला, डावीकडे लंडन-एडिंबरा, उजवीकडे विजापूर-नगर, मध्ये सन. इंग्रजीच्या सरांनी जीव लावून केला. तक्त्याच्या शेवटी १६०४, चांदबीबीच्या पुतण्याची, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी त्याच दानियालला दिली ज्याने नगर घेतलं होतं, आणि वर्षभरात तो मेला.

काय झालं

नाटक झालं. मरियमचं काम आधी जिला दिलं होतं तिच्या घरून 'नाही' आलं ते आलंच, ती मेकअपला आली पण स्टेजवर नाही. माइकने दोनदा दगा दिला. तलवारीला शिट्ट्या पडल्या, भगदाडाच्या प्रवेशाला मागचे उभे राहून व्हिडिओ काढत होते, आणि वऱ्हाड देऊन टाकण्याची बोलणी सुरू झाली तशी पुढची लहान मुलं कुरकुरायला लागली, दोन-तीन पालक उठून गेले. खुनाला शांतता होती, पण ती समजून होती की गोंधळून, सांगता येत नाही. बक्षीस कोळीनृत्याला मिळालं.

तक्रार एकच आली, आणि ती पंथावरून नाही, किल्ल्यावरून. कुणीतरी म्हणालं सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला असं दाखवून सोलापूरचा अपमान केला. मुख्याध्यापकांनी लेखी द्या म्हटलं, ते काही लेखी आलं नाही. तक्ता मात्र शिवरात्रीपर्यंत लावलेला होता, लोक फोटो काढून न्यायचे.

पुन्हा केलं तर

स्क्रिप्ट लिहायच्या आधी पालकांपुढे नुसता विषय ठेवायचा. आक्षेप सगळे योग्य वेळी आले असते तर त्यातला प्रत्येक नाटकाच्या कामी आला असता, उशिरा आले म्हणून निम्मे नुसते निभावून न्यावे लागले. टोपीचं आणि दादीचं उलट उदाहरण आहे, तिथे वेळ होता.

दोन तहांचे दोन प्रवेश एकाच जागी, एकाच हालचालींत बसवायचे, तोच तंबू, तोच कागद. आम्ही दुसऱ्या वेळी सेट बदलला, दिसायला छान झालं, पण ती दोन्ही वेळा तेच करायलीय हे ज्या पोरीने शोधून काढलं तेच प्रेक्षकांपर्यंत नीट गेलं नाही. मॅडमचं मत वेगळं आहे, त्या म्हणतात शाळेच्या गॅदरिंगला एवढी अपेक्षाच ठेवू नये. मला पटत नाही.

चांदबीबीची आई खुंजा हुमायून राहून गेली, ती पुढच्या वेळी पाहिजेच. नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने कारभार केला, मग त्याच मुलाने कैदेत टाकलं. तिच्या काळातलं एक सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, त्यात सुलतानाशेजारी ती बसलेली होती आणि नंतर कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिला पुसून, वर रंग देऊन टाकलंय. सुलतान तसाच बसलाय, शेजारी डाग. मुलींना हे नाटकानंतर दाखवलं तर त्यांनी पहिलं काय विचारलं, "मॅडम, हे स्टेजवर कसं करायचं?" मरियमचं काम केलेल्या पोरीकडे उत्तर तयार होतं, खुर्ची ठेवायची आणि कुणी बसायचंच नाही. मॅडम म्हणाल्या मागच्या रांगेला कळणार नाही. यावर अजून त्यांचं चालूच आहे.